खाजगी रान, बेहड्याचे फळ आणि खरेदीदाराची जबाबदारी

कापडाच्या व्यापाऱ्याने रानाविषयी लेख लिहावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण कापड आणि रान यांचा संबंध जुना आहे. माझ्या अगदी लहानपणी टेंभुर्णीच्या आमच्या दुकानाच्या मागच्या खोलीत हिरड्याचे एक पोते असायचे. मरहूम वालिद ते जालन्याहून आणीत आणि आसपासच्या रंगरेजांना किलो-दोन किलोने देत. आम्ही मुले त्यातला हिरडा चोरून तोंडात टाकायचो आणि तुरट लागला की थुंकायचो. पुढे तयार रंगाचे डबे आले, रंगरेज कमी झाले आणि ते पोतेही गेले.

सुती कापड सहजासहजी रंग धरत नाही, हे रंगकाम करणाऱ्यांना सांगायला नको. हिरड्यात टॅनिन भरपूर असते. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवले की ते पिवळसर पडते. मग तुरटी दिली की लाल रंग पक्का बसतो आणि लोखंडाचे पाणी दिले की काळा. कच्छमधील धमडका आणि अजरखपूर येथील खत्री कारागीर आजही अजरख छापताना हिरडा वापरतात. कोल्हापुरी चपलेचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावले जाते. एके काळी आपल्या देशातून हिरडा जहाजाने विलायतेच्या चामड्याच्या कारखान्यांना जात असे. त्या बाजारात मालाच्या प्रतींना गावांची आणि बंदरांची नावे होती आणि त्यांत एक प्रत आपल्या वेंगुर्ल्याच्या नावाची होती. क्रोमने चामडे कमावण्याची रीत पसरली तशी ती मागणी ओसरली. आज हिरडा, बेहडा आणि आवळा ही तीन फळे मुख्यतः त्रिफळ्यासाठी म्हणजे औषधाच्या बाजारात विकली जातात.

हिरडा-बेहड्याच्या बागा सहसा कोणी लावत नाही. ही झाडे रानात आपोआप येतात. आणि महाराष्ट्रातले सगळे रान सरकारचे आहे, असा जो समज आहे तो बरोबर नाही. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वन अगदी थोडे आहे. डोंगरउतारावरचे बहुतेक रान लोकांच्या सातबाऱ्यावरचे आहे. त्या रानाचे काय करायचे हे मालक ठरवतो, आणि मालक काय ठरवील हे पुष्कळसे खरेदीदारावर अवलंबून असते. म्हणून हा विषय व्यापाराच्या पानावर यायला हवा असे मला वाटते. आमच्या जालना जिल्ह्यात जंगल नावापुरतेच आहे. तेव्हा आधी कोकणातले उदाहरण सांगतो आणि मग घरच्या पडीक जमिनीवर येतो.

संगमेश्वरचे उदाहरण

कोकणात खाजगी रानाचा सौदा साधारण असा होतो. मालक नोकरीसाठी मुंबईत असतो. वाटण्या होऊन एकेका सातबाऱ्यावर पुष्कळ नावे चढलेली असतात. ठेकेदार येतो आणि सगळे रान उभ्याने एका रकमेत मागतो. मालकाला घरबसल्या पैसे मिळतात. लाकूड जळणाला आणि कोळशाला जाते. खोडांना पुन्हा फुटवे येतात, काही वर्षांनी डोंगर हिरवा दिसतो आणि पुन्हा तोड होते. शिवाय भाताच्या रोपासाठी राब भाजायला फांद्या तोडल्या जातात ते वेगळेच. लांबून पाहणाऱ्याला जंगल आहे असे वाटते, पण आत म्हातारे, जाड खोडाचे झाड क्वचित उरलेले असते.

म्हातारे झाड का हवे, हे धनेश पक्ष्यावरून चांगले कळते. महाधनेश आणि मलबारी कवड्या धनेश हे दोन्ही कोकणात आहेत. धनेशाला सुतारपक्ष्याप्रमाणे स्वतः ढोली कोरता येत नाही. जुन्या झाडाच्या खोडात आपोआप पडलेली ढोलीच त्याला लागते. मादी त्या ढोलीत जाऊन बसते आणि विष्ठा, फळांचा चोथा वगैरेंनी तोंड लिंपून घेते. फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. नर कित्येक आठवडे त्या फटीतून तिला आणि पिलांना खाऊ घालतो. त्या काळात झाड पडले किंवा नराला कोणी मारले तर आतले सगळे कुटुंब संपले. वड, उंबर, पिंपळ यांची फळे आणि इतर रानफळे खाऊन धनेश बिया लांबवर टाकतो, त्यातून पुढचे रान उगवते. कोकणात धनेशाच्या ढोल्या ज्या झाडांवर सापडतात त्यांत बेहडा महत्त्वाचा आहे. तो खूप उंच वाढतो आणि त्याचे लाकूड आतून लवकर कुजते.

लाकूड लवकर कुजते हा पक्ष्याचा फायदा, पण सुताराच्या दृष्टीने तोच दोष. आमच्या सुतार-मिस्त्री वाचकांना विचारा, चौकटीसाठी बेहडा कोणी घेत नाही. म्हणून तो स्वस्तात जळणात जातो. कायद्याचेही पाहा. महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम १९६४ च्या यादीत हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, ऐन, किंजळ, जांभूळ ही झाडे आहेत. ती स्वतःच्या जमिनीवरची असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. या यादीत हिरडा आहे, पण बेहडा नाही. ज्या झाडात धनेश राहतो त्याला बाजारात भाव नाही आणि कायद्याचा आधारही कमी, अशी त्याची स्थिती होती.

पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायरन्मेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने हे हेरले. डॉ. अर्चना गोडबोले आणि जयंत सरनाईक यांची ही संस्था नव्वदच्या दशकापासून संगमेश्वर भागात काम करते. आधी देवरायांवर काम झाले, मग खाजगी रानावर. मालकाशी लेखी करार करायचा, ठराविक वर्षे रान तोडायचे नाही, त्याबदल्यात मालकाला मोबदला द्यायचा, अशी त्यांची पद्धत. पण नुसत्या मोबदल्यावर रान किती दिवस टिकणार? म्हणून पुढचे पाऊल फळाच्या व्यापाराचे पडले. स्वित्झर्लंडमध्ये नोंदलेल्या फेअरवाइल्ड नावाच्या संस्थेचे एक प्रमाणपत्र आहे. रानातून गोळा केलेला माल झाडाला आणि प्राण्यांना इजा न करता गोळा झाला आणि गोळा करणाऱ्याला योग्य दाम मिळाला, याची तपासणी करून ते दिले जाते. २०१५ च्या सुमारास सह्याद्रीतल्या बेहडा आणि हिरडा या फळांना हे प्रमाणपत्र मिळाले. इंग्लंडमधील ब्रिस्टलच्या पुक्का हर्ब्ज या कंपनीने तो माल घेतला. भीमाशंकरकडचे महादेव कोळी बांधवही या कामात आले. ज्या बेहड्याला जळणाचा भाव होता, त्याच्या फळाला आता दरवर्षी गिऱ्हाईक मिळाले, आणि मालक झाड ठेवायला तयार झाले.

यात परोपकाराचा भाग असेल, पण मला त्यातला व्यवहार अधिक मोलाचा वाटला. धनेशाला वाचवा असे सांगून कोणी झाड ठेवले नसते. फळाची खरेदी ठरली म्हणून झाड राहिले, आणि झाड राहिले म्हणून धनेश राहिला.

एका हंगामाचा सौदा

आपले बागवान बंधू चिंच, आंबा, जांभूळ, सीताफळ उक्ते घेतात. फळ झाडावर असतानाच अंदाज करून रक्कम ठरते. हा हुन्नर सोपा नाही. पिढ्यान् पिढ्यांची नजर लागते. पण या सौद्यात एक खोट आहे. घेणाऱ्याचा हक्क एकाच हंगामाचा असतो. पुढच्या वर्षी तेच झाड दुसऱ्याकडे जाऊ शकते. मग मजूर फांदी मोडून फळ काढतात, कच्चे काढतात, झाडाखालचा पाला जाळून जागा साफ करतात. विदर्भात मोहफुलांसाठी झाडाखाली लावलेली अशी आग पसरून रानेच्या राने जळतात. मालक काही बोलत नाही, कारण त्याचे पैसे आधीच आलेले असतात.

हाच सौदा तीन किंवा पाच वर्षांचा केला तर काय होते ते पाहा. खाली दिलेले आकडे फक्त हिशोबाची रीत दाखवण्यासाठी घेतले आहेत, बाजारभाव म्हणून नव्हे. समजा एका मोठ्या बेहड्याचे लाकूड ठेकेदार मालकाकडून २,००० रुपयांना घेतो. त्याच झाडाचे ४० किलो सुके फळ आले आणि गोळा करण्याची, वाळवण्याची मजुरी वजा जाता किलोमागे ८ रुपये मालकाला सुटले, तर वर्षाचे ३२० रुपये होतात. पहिल्या वर्षी पाहिले तर तोड फायद्याची. सातव्या वर्षी फळाचे २,२४० रुपये झालेले असतात आणि झाड उभेच असते. पण मालकाला मुलीच्या लग्नासाठी आज २,००० हवे असतील तर सात वर्षांचा हिशोब त्याच्या काय कामाचा? इथे व्यापाऱ्याचे काम येते. दोन-तीन हंगामांची उचल आधी दिली तर मालकाची नड भागते आणि ठेकेदाराला परत जावे लागते. बिनव्याजी उचल देऊन माल बांधून घेणे आपल्या व्यापाराला नवीन नाही. त्यात भाव आधीच पाडून ठेवण्याची लबाडी मात्र करू नये. हंगामाचा भाव हंगामात ठरावा.

अशा करारात चार गोष्टी लिहून घ्याव्यात. फळ खाली पडलेलेच उचलायचे, फांदी तोडायची नाही. काही फळ झाडाखाली सोडायचे, म्हणजे रोपेही येतील आणि सांबर, भेकर, वानर यांनाही मिळेल. ढोली असलेल्या झाडाला हात लावायचा नाही आणि पिलांच्या दिवसांत, म्हणजे साधारण फेब्रुवारीपासून मेपर्यंत, त्याच्या आसपास गडबड करायची नाही. झाडाखाली आग लावायची नाही.

मालाच्या दर्जाविषयीही बोलले पाहिजे, कारण परदेशी खरेदीदार माल परत पाठवतो तो बहुधा बुरशीमुळे. बेहडा रस्त्यावर किंवा शेणाने सारवलेल्या खळ्यावर वाळवू नये. जमिनीपासून उंच मांडवावर वाळवावा आणि ज्यूटच्या कोरड्या पोत्यात भरावा. गरम असतानाच पोत्यात भरला तर आत घाम सुटतो, हे धान्याच्या व्यापाऱ्यांना ठाऊकच आहे. हिरडा लांबट, पाच कंगोऱ्यांचा. बेहडा गोलसर, करड्या मखमलीसारखा. दोन्ही एका पोत्यात आले की सगळ्या मालाचा भाव पडतो. कोणाच्या रानातला माल, कोणी गोळा केला, किती किलो, याची वही ठेवावी. प्रमाणपत्रवाले सर्वांत आधी हीच वही मागतात. उधारीची वही चोख ठेवणाऱ्याला हे अवघड नाही.

शिवाय जैवविविधता कायदा २००२ नुसार रानातला माल व्यापारासाठी घेणाऱ्याला राज्य जैवविविधता मंडळाशी संबंध येतो. आपले मंडळ नागपूरला आहे. २०२३ मध्ये या कायद्यात दुरुस्ती होऊन काही सवलती दिल्या गेल्या. आपला माल त्यांत बसतो की नाही हे आधी विचारून घ्यावे. गाडी नाक्यावर अडल्यावर विचारण्यात अर्थ नाही.

मालकाची भीती

खाजगी रानाच्या मालकाला एक भीती असते. झाडी वाढली तर सरकार जमीन घेईल, म्हणून ती आधीच साफ केलेली बरी, असे तो मानतो. ही भीती अगदीच निराधार नाही. १९७५ साली महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम आला आणि ३० ऑगस्ट १९७५ पासून त्या कायद्याच्या व्याख्येत बसणारी खाजगी वने शासनाकडे गेली. पुढे १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जंगल या शब्दाच्या नेहमीच्या अर्थात बसणारी जमीन, मालक कोणीही असो, वन संवर्धन कायद्याखाली येते. दुसऱ्या बाजूने, जानेवारी २०१४ मध्ये मुंबईच्या गोदरेज प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटले की पूर्वी कधी तरी नुसती नोटीस निघाली होती एवढ्यावरून जमीन खाजगी वन ठरत नाही. वन संवर्धन कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली आणि तीही न्यायालयात गेली. तेव्हा करार करण्यापूर्वी सातबाऱ्यावरचा इतर हक्काचा रकाना वाचावा. तिथे वनाची काही नोंद असेल तर वकिलाचा सल्ला घ्यावा. पण बांधावर आणि नाल्याकाठी चार झाडे वाढली म्हणून जमीन गेली, असे माझ्या तरी पाहण्यात नाही.

आता आमच्या भागाचे. जाफ्राबाद तालुक्यात हिरडा-बेहड्याचे रान नाही. पण पूर्णेकडे उतरणारे नाले आहेत, मुरमाड बरड आहे, आणि जवळजवळ प्रत्येक जुन्या घराण्याकडे काही एकर अशी जमीन आहे जिच्यावर पीक येत नाही. या जमिनीला आपण निकामी म्हणतो. मोर, ससे, घोरपडी, लांडगे, काळवीट यांना नेमकी तीच जमीन लागते. तिथे फार खर्च न करता पुष्कळ करता येते. बरडावर झाडे लावायचा अट्टहास करू नये, गवत राखावे. गवताचे बी पडल्यावरच कापणी केली तर पुढच्या वर्षी गवत दाट येते आणि चाऱ्यालाही गिऱ्हाईक असते. घाणेरी माजली असेल तर पावसाळ्यात मुळासकट उपटावी. उंबर, वड, पिंपळ यांच्या लाकडाला भाव नाही, म्हणून ते आधी कापले जातात, ते ठेवावेत. वाळलेले, ढोली पडलेले खोड सरपणाला न नेता उभे राहू द्यावे. उन्हाळ्याच्या आधी कडेने गवत काढून जाळपट्टा करावा.

रोही आणि रानडुक्कर मका-सोयाबीनची नासाडी करतात, त्यांना आसरा कशाला द्यायचा, असे शेजारी विचारतात. त्यांचे म्हणणे खोटे नाही. पिकाच्या नुकसानीसाठी शासनाची भरपाई आहे, वनविभागाकडे लगेच अर्ज करावा लागतो आणि पंचनामा होतो. पण भरपाईने सगळे नुकसान भरून निघत नाही. म्हणून राखायचे रान पिकाला अगदी लागून नसावे, नाल्याच्या बाजूला असावे, आणि पिकाकडच्या बाजूला काटेरी कुंपण घट्ट असावे.

आमची स्वतःची सहा एकर पडीक जमीन नाल्याला लागून आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात बाजारात गिऱ्हाईक नव्हते, दुकानाची उधारी अडकली होती, तेव्हा मी नाल्याकाठची बाभळी, कडुनिंब, करंज आणि एक फार जुना उंबर एका ठेकेदाराला उक्ता दिला. सल्ला कोणाचाही घेतला नाही. ती रक्कम रमजानपर्यंतही पुरली नाही. पुढच्या मोठ्या पावसात काठाची माती वाहून गेली आणि नाला आमच्या बाजूला सरकला. उंबराच्या ढोलीत घुबडाची जोडी होती. सालगडी म्हणतो की तेव्हापासून शेतात उंदीर वाढले. ते घुबड गेल्यामुळे की दुसऱ्या कारणाने हे मी सांगू शकत नाही, पण काठाची गेलेली माती मी मोजू शकतो.

उरलेल्या भागात चिंचेची नऊ मोठी झाडे आणि काही निंब आहेत. दोन वर्षांमागे धाकट्या भावाने ती विकायचे काढले. चिंचेची परवानगी काढायची तयारी ठेकेदारानेच दाखवली होती. भाऊ म्हणाला, "भाईजान, बँकेचा हप्ता चिंचेवर थांबत नाही." त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. मीही २०१३ मध्ये तेच म्हटले होते.

मग आमची चिंच दरवर्षी घेणाऱ्या बागवानांना मी दुकानात बोलावले आणि पाच वर्षांचा सौदा विचारला. दोन हंगामांची उचल आधी, बाकीची दरवर्षी त्या त्या वर्षीच्या भावाने, फांदी तोडायची नाही, झाडाखाली आग नाही, वाळलेले खोड हलवायचे नाही. त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "सेठ, पाच वर्षे झाड माझे असेल तर फांदी मी कशाला मोडू? पण एखाद्या वर्षी बहरच आला नाही तर?" ही शंका रास्त होती. म्हणून उचल दोनऐवजी दीड हंगामाची केली आणि बहर गेला तर एक वर्ष पुढे वाढवायचे असे ठरले. बँकेचे दोन हप्ते त्यातून भरले जातात. कागद स्टॅम्पवर तयार आहे. माझी आणि बागवानांची सही झाली आहे, भावाची अजून व्हायची आहे. तो म्हणतो, यंदाचा बहर पाहू आणि मग सही करू.